बोलक्या भिंतीतला बेडूक

उद्घाटनाला सासू-सासरेही येणार आहेत, असं बायकोने सांगितलं आणि डिझायनरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर गळून पडला.

पाणथळीकाठच्या निसर्गकेंद्रासाठी त्याने एक बोलकी भिंत तयार केली होती. चित्राखालचं बटण दाबलं की तो प्राणी ओरडायचा. टिटवी आणि पाणकोंबडी झकास ओरडत होत्या. बेडकाचा आवाज टिपताना मात्र रेकॉर्डर चिखलात पडला आणि कायमचा मुका झाला. मुदत तोंडावर आलेली. त्याच दुपारी मुक्कामाला आलेले सासरे सोफ्यावर आडवे होऊन असे काही घोरत होते, की याची बुद्धी फिरली. फोन त्यांच्या नाकाशी धरला आणि तो आवाज बेडकाला चिकटवून टाकला.

आता भिंत मागून पक्की बंद झालेली. तार उपटायचीही सोय नव्हती. त्याने बेडकाच्या बटणावर ‘बिघडले आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि उद्घाटनाच्या वेळी त्यावरच पाठ टेकवून उभा राहिला.

“अहो, बाजूला व्हा, चित्र झाकलं जातंय,” केंद्राच्या संचालिकाबाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी टरकन काढली. “बघू तरी काय बिघडलंय!” म्हणत बटण दाबलं.

घर्रर्र... फुस्स्स!

“अगंबाई! अहो, हे तर तुम्ही!” सासूबाई ओरडल्या.

“काहीतरीच काय! मी घोरत नाही.”

“इतकी वर्षं कानात बोळे घालून झोपतेय. मला ओळखू येणार नाही?”

सासरे ताठ झाले. “बेडूकच आहे तो. आपले जावई एवढे शिकलेले, ते काय लोकांना फसवणार आहेत?”

ते वाक्य डिझायनरला वर्मी लागलं. कानांच्या पाळ्या तापल्या, मान वर होईना.

“मॅडम,” तो कसाबसा म्हणाला, “हा बेडूक नाही. हे माझे सासरे आहेत.”

हशा पिकला. फक्त संचालिकाबाई हसल्या नाहीत. “उद्यापर्यंत खरा बेडूक हवाय मला,” त्या म्हणाल्या.

रात्री घरी जेवणानंतर सासरे सोफ्यावर बसले, पण आडवे होण्याची हिंमत होईना. समोर जावई, नजर फरशीला खिळलेली. “बाबा, चुकलं माझं,” तो पुटपुटला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून करवत चालल्यासारखा आवाज येऊ लागला. सासूबाईंना आज निवांत झोप लागली होती.

सासऱ्यांनी कान टवकारले. हळूच पुढे वाकून म्हणाले, “जावईबापू, हा कुठला प्राणी म्हणायचा?”

“मी काहीच ऐकलं नाही, बाबा.”