हवालदारांचे हिरवे रंगरूट

रंगराव हवालदार रोज सकाळी गव्हाची हजेरी घेत. घासलेटचे डबे आडवे कापून त्यांनी ते खिडकीखालच्या फळीवर ओळीने मांडले होते. रोज एका डब्यात मूठभर भिजवलेला गहू पेरायचा, ही 'भरती'. आठ-नऊ दिवसांत पाती वीतभर झाली की ती कात्रीने कापायची, ही 'पेन्शन'. मधल्या डब्यांपुढून हवालदार पाठीमागे हात बांधून फिरत आणि एखादं पातं कलंडलेलं दिसलं की म्हणत, "ह्यो रंगरूट कामाचा न्हाई."

मी तेव्हा लोणंद स्टेशनवर तिकीटबाबू होतो. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे ही परेड मला चहाबरोबर फुकट मिळे. दिवस दुसऱ्या महायुद्धाचे. गहू रेशनवर, तोही किडका. अशा वेळी हा माणूस पोळीचा गहू मातीत घालून गवत उगवतो आणि वर त्याला दरडावतो, हे गल्लीला पाहवत नव्हतं. आधीच्या लढाईत इराकातल्या बसऱ्याच्या उन्हाने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं आमचं ठरून गेलं होतं.

खरं कारण आतल्या खोलीत होतं. त्यांच्या बायकोला, तानूकाकूंना, दिवाळीनंतर गाठ दिसली. मिरजेच्या दवाखान्यात कर्करोग निघाला. दर आठवड्याला हवालदार त्यांना गाडीने मिरजेला नेत आणि क्ष-किरणांचा, म्हणजे आमच्या भाषेत विजेचा, शेक देऊन परत आणत. शेकाने काकूंच्या तोंडाची चव गेली, अन्न पोटात ठरेना. याच सुमारास हवालदारांच्या हाती निसर्गोपचाराचं एक चोपडं लागलं. गव्हाच्या कोवळ्या पात्यांचा रस प्याल्याने सगळे रोग हटतात, असं त्यात होतं. हवालदारांना शंका नावाची गोष्ट माहीत नव्हती. "छापलेलं हाय म्हंजे हुकूम हाय," ते मला म्हणाले.

पण हुकमाची अंमलबजावणी भलतीकडेच गेली. एक दिवस ते गिरणीतून परत येऊन पाहतात, तर प्रत्येक डब्याला हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूची माळ लोंबकळतेय आणि शेजारच्या दोघीजणी पदर पसरून रंगरुटांपुढे बसल्यात. आमच्याकडे नवरात्रात घट बसतात. घटाखालच्या मातीत गहू-जोंधळे पेरतात, ते असेच पिवळेहिरवे उगवून येतात. हवालदारांनी बायकोसाठी अवेळी घट बसवले, मोठा नवस केला, अशी बायकांची समजूत झाली होती. हवालदार उंबऱ्यात उभे राहून खूप ओरडले. बायकांनी ऐकून घेतलं आणि जाताना त्या पुन्हा एकदा डब्यांच्या पाया पडल्या.

ही चूक हसण्यावारी गेली असती, पण काकूंचीही समजूत तीच होती. रसाचा पेला पुढे आला की त्या तोंड फिरवत. घटाचं धान दसऱ्याला फेट्यात खोवायचं, उरलेलं नदीत सोडायचं, ते वाटून प्यायचं कसं? "देवीच्या अंगावरचं हाय त्ये," एवढंच त्या म्हणायच्या. हवालदारांनी चोपडं वाचून दाखवलं, हुकूम सोडला, शेवटी विनवणीही केली. काकू जन्मभर त्यांच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या, पण या एका बाबतीत त्या हलल्या नाहीत.

पुढच्या खेपेला मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना काट्यावर उभं केलं आणि हवालदारांना बाजूला घेतलं. मी रजा काढून सोबत गेलो होतो, म्हणून हे कानांनी ऐकलं. हवालदारांनी रसाचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, गवताने गाठ विरघळत नाही, ते काम शेकाचं. मातीत उगवलेल्या पात्यांचा कच्चा रस अशक्त पोटाला बाधेलसुद्धा. हिरवी भाजी द्यायची तर स्वच्छ धुऊन, शिजवून द्या, पण जे आवडीनं खातील ते द्या. वजन आणखी उतरलं तर मला शेक थांबवावा लागेल.

 दुसऱ्या दिवसापासून हवालदार चुलीपुढे बसले. तांदुळजा, चाकवत, राजगिरा, रोज एक पालेभाजी. ज्या माणसाने जन्मात चहासुद्धा केला नव्हता, तो बांधाबांधाने पाला खुडत हिंडतो हे बघून पारावरचे लोक हसू दाबत खोकायला लागत. भाजी कधी करपे, कधी तिच्यात खडा निघे. काकू दोन घास घेऊन ताट सारत. आवडली का विचारलं तर म्हणत, चांगली झालीय.

आणि एका सकाळी हवालदार घराची किल्ली घेऊन माझ्याकडे आले. दोन दिवस म्हसवडला जायचंय, माझ्या बायकोने काकूंजवळ बसावं आणि आता काकूंचे घट झालेल्या डब्यांना पाणी मी घालावं, असं म्हणाले. म्हसवड काकूंचं माहेर. अशा वेळी तिकडे काय काढलंत, मी जरा रागानेच विचारलं. खाली बघत ते म्हणाले, "भाऊसाहेब, मला काय आवडतं त्ये तिला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय. तिला काय आवडतं, ह्ये मला तिच्या भनीला इचारावं लागतंय."

 मी किल्ली घेतली. रात्री जेवताना आपल्या बायकोला काय आवडतं, हे मी मनात आठवून पाहिलं, तर एकही पदार्थ सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी ते ओल्या पंच्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे बांधून आले. लहानपणी काकू शेतात बसून तेच खुडून खायच्या, बहिणीने सांगितलं होतं. हवालदारांनी पाला चार पाण्यांतून धुतला, डॉक्टरीणबाईंचं सांगणं लक्षात ठेवून वाफवला आणि मीठ घालून हाताने कुस्करला. त्या आठवड्यात काकूंचं वजन उतरलं नाही आणि शेकही थांबला नाही, पण ते नंतरचं. किल्ली द्यायला गेलो त्या दुपारचं सांगतो.

काकूंनी पहिला घास तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या. मग हळू आवाजात विचारलं, "कुनी सांगितलं तुमास्नी?"

"आक्कानं."

"एवढ्या लांब गेलासा? मला इचारायचं."

"तुला इचारलं असतं, तर तू म्हनली असतीस, मला समदं चालतं."

काकूंनी मान खाली घातली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला, मी दाराकडे बघू लागलो. हवालदार समोर मांडी घालून प्रत्येक घास डोळ्यांनी मोजत होते. वाटी अर्धी झाल्यावर काकू म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय."

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला सांगितलेलं हे पहिलं काम असावं. हवालदार लगबगीने उठून चुलीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी डोकावून पाहिलं. मिठाची बरणी त्यांच्या हातातच होती, आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.