सुभेदारांची सात अंडी

इन्क्युबेटर बैठकीत आला त्या दिवसापासून जयसिंहरावांनी टीव्ही बघणं सोडलं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. हिंदी मुलखातल्या हरिशंकरपुरम वस्तीतल्या घरात त्यांचा हुकूम मानणारं आता कोणी उरलं नव्हतं. यंत्र मात्र साडेसदतीस अंश म्हटलं की साडेसदतीसच राखायचं. पिवळ्या उजेडात बारा अंडी मधूनमधून सावकाश कूस बदलत, आणि ते बघता बघता जयसिंहरावांचे डोळे जड होत. लोकांना नावं ठेवायची त्यांना जुनी सवय होती. या बाराजणांना मात्र त्यांनी गुपचूप खरोखरची नावं ठेवली होती.

"त्यापेक्षा माझी बेगम बरी," त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणायच्या. त्यांची कोंबडी त्याच दिवसापासून जिन्याखालच्या टोपलीत आठ अंड्यांवर खुडूक बसली होती.

"कोंबडीचा भरवसा काय? लहर आली की उठून जाईल."

"एक वेळ दाणा टिपायला उठते बिचारी. तेवढंच."

विसाव्या दिवशी सकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. घर इन्व्हर्टरवर आलं. जयसिंहरावांनी फ्रिज बंद केला, गीझर बंद केला आणि शेवटी मुलीच्या, सोनिकाच्या लॅपटॉपचा प्लग उपटला.

"पापा, मेरी मीटिंग चल रही है!"

"त्यांना सांग, घरात बाळंतपण आहे."

दुपारी एकला इन्व्हर्टरही बसला. यंत्राचा दिवा विझला आणि बैठक एकदम खूप मोठी वाटायला लागली. माघातली गार हवा खिडकीतून आत येत होती. छत्तीस, पस्तीस, साडेचौतीस. सुभेदार थर्मामीटरवरचे आकडे वाचत राहिले.

"मंदा," ते जिन्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "बेगमकडे जागा आहे का गं?"

मंदाताई हसल्या नाहीत. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी एकेक अंडं पंखाखाली सरकवलं. बेगमनं पाच घेतली. सहाव्याला जयसिंहरावांच्या मनगटावर चोच मारून नकार कळवला.

"सात उरली," जयसिंहराव म्हणाले.

मंदाताईंनी त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या पोटाकडे, विचारपूर्वक पाहिलं. "आडवे व्हा."

"काय?"

"दिवाणावर आडवे व्हा. स्वेटर वर करा."

पाच मिनिटांत सात अंडी बनियन आणि स्वेटरच्या मधे गेली. वरून शाल, शालीवर रजई. "आता कुशीवर वळायचं नाही. शिंकायचं तर अजिबात नाही," असा हुकूम देऊन मंदाताई स्वयंपाकघरात गेल्या.

जयसिंहराव छताकडे बघत राहिले. पहिला अर्धा तास अपमानात गेला. मग ऊन दिवाणावर सरकलं. दूर कुठेतरी भंगारवाल्याची हाक विरत गेली. श्वासाबरोबर सात अंडी वर जात, खाली येत, जणू संथ पाण्यावर सात होड्या झुलताहेत. आपण जमिनीपासून हातभर वर तरंगतोय, असं त्यांना वाटलं. इतका वेळ स्वस्थ ते आयुष्यात कधी पडले नव्हते. पहाऱ्यावर नाही, सुट्टीवर नाही, सोनिका तान्ही होती तेव्हा तर मुळीच नाही. तेव्हा ते सरहद्दीवर होते.

आणि तेवढ्यात पोटाजवळ कोणीतरी टकटक केलं.

"कोण?" जयसिंहराव झोपेतच म्हणाले.

पुन्हा टकटक. मग अगदी बारीक, कवचाआडून आलेलं, "चिव्."

त्यांचा श्वास तिथंच थांबला. डोळ्यांतलं पाणी कानाशी ओघळलं. पुसायला हात हलवायची परवानगी नव्हती.

साडेतीनच्या सुमारास ट्यूबलाइट फडफडून लागली. बैठकीतलं यंत्र टुंग वाजून उजळलं. सोनिका पळत आली. "पापा, लाइट आ गई! चला, अंडी परत मशीनमध्ये ठेवूया. उठा ना."

जयसिंहरावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"झोपलेत का, आई?"

मंदाताईंनी वाकून पाहिलं. रजई सावकाश वरखाली होत होती. ओठ मात्र हलले.

"मंदा," सुभेदार कुजबुजले, "जा, मेन स्विच बंद कर."