वरचा थर

पेटीत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली की सौदा मोडतो. म्हणून सुसंस्कृत समाज पेटी वरूनच पाहतो.

मोर्शीच्या एका संत्रा उत्पादक संघाने खुशालरावांना ‘फाईल-तपासणी साधन निवड समिती’चे अध्यक्ष केले, ते याच संस्कारापायी. (वर टपोरी फळं आणि खाली बारीक भरण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा नव्हता.) संघाच्या नव्या प्रतवारी यंत्राचे सॉफ्टवेअर अमरावतीची पायल बांधून देणार होती. त्यातली एक तयार फाईल अकोल्याहून आली होती. अशी फाईल माणसाला वाचता येत नाही, उघडली की नुसती गिचमिड. म्हणून आत डोकावणारे साधन निवडायचे. यंत्रातून पहिला ट्रक खुद्द खुशालरावांचाच निघायचा होता. मृग बहाराचे अख्खे पीक त्यात होते.

तीन साधने आली. पहिले, सुरुवातीची चार अक्षरे पाहून ‘ही फाईल आहे’ असा निर्वाळा क्षणात देई. दुसरे आतले वाचण्याजोगे शब्द वेचून आणी. तिसरे थरामागून थर सोलत तळापर्यंत जाई आणि नको ते बोले.

“काका, तळाशी चाचणीसाठी टाकलेला तुकडा राह्यला,” पायल म्हणाली. “कोणतंही फळ टाका, मशीन ‘एक नंबर’च म्हणते.”

“तुले कोणं सांगतलं?”

“तिसऱ्या साधनानं.”

“मंग बाद कर त्याले! आल्या आल्या भांडणं लावून राह्यलं. पहिल्यानं केली काय काही तक्रार?”

“त्यानं पाह्यलंच नाही, काका.”

“पाय बाप्पा, किती सभ्य!”

पहिले साधन एकमताने निवडले गेले. (पायलचे मत तळाशी असल्याने दिसले नाही.)

यंत्राने खुशालरावांच्या लिंबाएवढ्या फळालाही ‘एक नंबर’ ठरवले. त्या शब्दावर विसंबून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा थर लावले नाहीत. माल आला तसा भरला: नेमकी टपोरी तळाशी गेली, बारीक वर आली.

व्यापाऱ्याने रिवाजाप्रमाणे वरूनच पाहिले आणि ट्रक परत धाडला.

“तळापर्यंत पाह्याले काय झालं होतं त्याले!” खुशालराव कळवळून म्हणाले.

वाचकहो, हसा. पण परवा मोबाइलवर लांबलचक मजकूर आला, तो तळापर्यंत न पाहता तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलेत. समितीवर येण्याची तुमची संमती त्यातच होती. बैठक सोमवारी आहे.