दामले आफ्रिकेला गेलेच नाहीत

आफ्रिकेत तंबूबाहेर सिंह गर्जला, तेव्हा आमच्या दामल्यांना पहिली शंका आली ती लाउडस्पीकरची.

"वहिनी, रोज बरोबर जेवणं आटोपली की डरकाळी. एवढा वक्तशीर सिंह? कुठेतरी पाणी मुरतंय," परत आल्यावर ते मला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी म्हणे तंबूभोवतीच्या झुडपांत वायर शोधली. वायर सापडली नाही, पंजांचे ठसे सापडले. ते त्यांनी पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवले.

दामले एका बँकेच्या टोकियोतल्या ऑफिसात तपासणी विभागात आहेत, आणि हा विभाग ते घरीही बंद करत नाहीत. शहराच्या हिगाशी-कसाई भागात आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. बायको आणि मुलगी पुण्यात. कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, भाताच्या गोळ्यात मासा नाही असं पाकिटावर छापलेलं असलं तरी ते गोळा फोडून, उजेडाकडे धरून बघतात. कचरा आम्ही सगळेच जळणारा आणि न जळणारा असा वेगळा करून ठेवतो. दामले गाडी येईपर्यंत तिथे उभे राहतात, ती माणसं पुढे दोन्ही एकत्र करत नाहीत ना हे पाहायला.

असा माणूस ट्रकमध्ये बसून आफ्रिकेतली जंगलं हिंडायला जातो, हेच मुळात विचित्र होतं. ट्रक म्हणजे खरोखर ट्रक, मागे बाकडी टाकलेला. बारा अनोळखी माणसं, तीन आठवडे, झांबियातल्या लुआंग्वा नदीपासून थेट बोट्स्वानातल्या ओकावांगोपर्यंत. रस्ता असेल तिथे रस्ता, नाहीतर नुसती वाळू. मुक्कामाला ज्याचा तंबू त्याने ठोकायचा, स्वयंपाक आणि भांडी पाळीपाळीने. पुसायला फडकं नाही, म्हणून धुतलेली ताटं हातात धरून सगळ्यांनी हवेत हलवायची. दामले हे सगळं रंगवून सांगत. तिसऱ्या पार्कात दिसलेला जिराफ पहिल्या पार्कातलाच आहे आणि सफरीची कंपनी तो पुढे पाठवते आहे, या संशयाने त्यांनी प्रत्येक जिराफाचा डाव्या बाजूने फोटो काढून ठिपके ताडून पाहिले. ट्रकच्या ड्रायव्हरशी त्यांचं रोज भांडण व्हायचं, कारण दामले रिकाम्या तंबूत टॉर्च लावून जेवायला जायचे. उजेडाने किडे येतात, ड्रायव्हर ओरडायचा. दामले ऐकायचे नाहीत.

मी स्वतः संशयी मुळीच नाही. डोळे तेवढे उघडे ठेवते. माझा नवरा शिरीष याला भोचकपणा म्हणतो.

तर या उघड्या डोळ्यांना काय दिसलं ते सांगते. दामले आफ्रिकेत असल्याच्या तीन आठवड्यांत त्यांच्या खिडकीत रोज दिवा होता. मी ऑफिसातून सायकलवरून यायची, मान वर करायची आणि चौथ्या मजल्यावर पिवळा उजेड. शिरीष म्हणाला, विसरले असतील. गॅसचा नळ तीनदा बघून निघणारा माणूस दिवा विसरेल?

मग ते परत आले आणि त्यांनी सगळ्यांना कॉफी वाटली. जपानमध्ये प्रवासाहून रिकाम्या हाताने परत येणं म्हणजे गुन्हाच. ऑफिसला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तिथला काहीतरी खाऊ आणावाच लागतो. माझ्या वाट्याच्या 'आफ्रिकेच्या कॉफी'वर आमच्या स्टेशनजवळच्या दुकानाचं लेबल होतं. किमतीसकट. आणि त्यांनी दाखवलेल्या चारशे फोटोंत हत्ती होते, पाणघोडे होते, ट्रकचं चाक होतं. दामले एकातही नव्हते.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलांसाठी 'दामलेकाकांची आफ्रिका' हा कार्यक्रम मीच ठरवला होता, पत्रकावर माझं नाव होतं. चाळीस मुलं, त्यांचे आईबाप, शाळेतल्या दोन जपानी बाई. माणूस तीन आठवडे दार लावून घरात बसला असेल आणि तिथे कुणी ते उघडं पाडलं, तर त्यांची शोभा होणार आणि माझीही. दोन दिवस आधी मी थालीपीठं केली आणि चौथ्या मजल्यावर गेले.

दामल्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज काही सण नाही. थालीपीठ कशाबद्दल?"

मी सरळ विचारून टाकलं. "दामलेसाहेब, राग मानू नका. तुम्ही आफ्रिकेला गेला होतात ना?"

मला वाटलं ते चिडतील. पण त्यांचा चेहरा खुलला. खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा. पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

मी कॉफीचा विषय काढला. ते म्हणाले, "तिथे मी फक्त मुलीसाठी लाकडी जिराफ घेतला. विमानात आठवलं, ऑफिसात अकरा जणं आहेत. मग इथे उतरल्यावर घेतली. झांबियाचीच आहे, मागे लिहिलंय."

"मग लेबल तरी काढायचं."

"लेबल काढलं असतं तर ती फसवणूक झाली असती, वहिनी."

फोटोंचं उत्तर त्याहून सोपं होतं. "माझा फोटो हवा तर कॅमेरा परक्याच्या हातात द्यावा लागतो." पासपोर्टवरचे शिक्केही त्यांनी आपणहून दाखवले आणि मला भिंग दिलं.

"आणि दिवा?" मी विचारलं.

त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"तुम्ही त्या मोठ्या भूकंपाच्या वेळी इथे नव्हतात," ते म्हणाले. "ट्रेन बंद, फोन लागेना. ओतेमाचीच्या ऑफिसातून चालत निघालो. वैशाली आणि ईशा घरी होत्या. ईशा सहा वर्षांची. वाटेत कुणी म्हणे कसाईत जमीन फाटली, कुणी म्हणे पाणी आलं. चार तास चाललो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि वर पाहिलं, तर दिवा होता."

"मग?"

"मग खाली सायकल स्टँडपाशी बसलो. दहा मिनिटं वर गेलोच नाही, नुसता दिव्याकडे बघत होतो. पुढच्या आठवड्यात त्या दोघी पुण्याला गेल्या. थोड्या दिवसांसाठी. मग तिथे शाळा सुरू झाली." त्यांनी ताटली थोडी बाजूला सरकवली. "आफ्रिका खरं तर ईशाला दाखवायची होती. ती म्हणाली, बाबा, तुम्हीच जाऊन या. आता येताना खिडकी काळी दिसली की मला जिना चढवत नाही. म्हणून बाहेर पडताना दिवा लावून जातो. रोजच. तिथेही तसंच. शेकोटीपाशी बसलं की बारा तंबू एकसारखे दिसतात."

मला माझी लाज वाटली. ड्रायव्हरला ती टॉर्च कधी कळली नव्हती, आणि मी तर त्यांच्या खिडकीतला दिवा पुराव्यात धरला होता.

कार्यक्रम उत्तम झाला. दामल्यांनी मुलांकडून हवेत ताटं हलवून घेतली. वक्तशीर सिंहाची गोष्ट सांगितली, तेव्हा पुढे बसलेल्या एका मुलीने जपानीत विचारलं, "होन्तो?" म्हणजे, खरंच? दामले इतके खूश झाले की तिला दोन मोदक दिले.

पुढच्या वर्षी ते टांझानियाला निघाले. जाताना मला घराची किल्ली दिली, पाकिटात घालून, चिकटपट्टीवर आडवी सही करून. "उघडलंत तर मला कळेल," म्हणाले. "बल्ब नवा आहे, पण हल्लीच्या बल्बांत पाणी मुरतं."

नवव्या संध्याकाळी मी गल्लीत वळले, तर चौथ्या मजल्यावर अंधार. मी कोंबिनीतून बल्ब घेतला, सही फाडली, त्यांच्याच खुर्चीवर चढून तो बसवला. तिकडे कुठेतरी तंबू ठोकणाऱ्या माणसाला हे कळणार नव्हतं. त्याला परतायला अजून बारा दिवस होते. तरी मी दार लावून खाली आले, सायकल स्टँडपाशी उभी राहिले आणि दिवा तिथून नीट दिसतोय ना, ते पाहून घेतलं.