चार मिलिमीटरचा रस्ता

आमच्या कंपनीत पत्रा दाबून कापणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर काम करणारे हिंदुराव यांना एकूण नऊ बोटं आहेत. दहावं बोट तीन वर्षांपूर्वी सेवामुक्त झालं. त्या वेळी नेमलेल्या चौकशी समितीने 'बोट नियोजित जागी नव्हते' असा निष्कर्ष काढून प्रकरण बंद केलं. समितीचा सचिव मीच होतो, त्यामुळे भाषा माझी आहे, आणि ती नेमकी आहे असं माझं आजही मत आहे.

मी ज्ञानदेव. प्रशासन विभागाचा सहायक व्यवस्थापक. कंपनी चाकणला, घर पिंपळे सौदागरला, आणि उरलेलं आयुष्य या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर.

यंदा आमच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिटर आला. त्याने हिंदुरावांचे हात पाहिले, बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि लेखी कळवलं, की प्रेसखाली हात दिसताच ती थांबेल अशी यंत्रणा दोन महिन्यांत बसवा, नाहीतर ऑर्डर बंद. बोट गेलं तेव्हा न पटलेलं सुरक्षेचं महत्त्व ऑर्डर जाते म्हटल्यावर सगळ्यांना एका दुपारीत पटलं.

काम मेंटेनन्सच्या योगिनीकडे आलं. मुलगी परभणीची, काळेवाडीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. सर्किट बोर्ड तिने आधी कधी केला नव्हता, पण "करते, सर," म्हणाली आणि खरंच करायला बसली. आमच्याकडे हे जरा नवीन होतं. बोर्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी. तिच्यावर तांब्याच्या रेघा, आणि त्या रेघांच्या रस्त्यांवरून करंट जाणार. सेन्सरला हात दिसला की बोर्डाने प्रेस थांबवायची. एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत हिंदुराव डबा घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. माणूस इथलाच, बाजूच्या गावचा, चार शब्दांत बोलणारा.

"ताई, थांबंल ना वो परेस?"

"थांबणार, काका. काही बिघडलं, अगदी बोर्ड जळून गेला, तरी प्रेस आपोआप थांबेल असंच केलंय."

"मंग झ्याक."

पण प्रॉडक्शन मॅनेजर प्रज्वल सरांनी हे ऐकलं आणि त्यांचा चहा कपातच राहिला.

"काहीही बिघडलं की प्रेस थांबणार? अहो मॅडम, आपल्याकडे रोज काहीतरी बिघडतं! मग टार्गेट काय तुम्ही हातोडीने ठोकून पूर्ण करणार? उलट करा. प्रेस चालूच राहिली पाहिजे. हात दिसला तरच बोर्डाने ब्रेक ओढायचा."

"सर, मग ब्रेक ओढायला मोठा करंट लागेल. त्यासाठी तांब्याचा रस्ता चार मिलिमीटर रुंद लागेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही अरुंद न होता."

"घ्या की चार! कोण नाही म्हणतंय?"

कोणीच नाही म्हणालं नाही, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो.

मंजुरीसाठी नकाशा दादासाहेबांकडे गेला. दादासाहेब आमचे मालक. मूळचे शेतकरी. कारखाने आले तेव्हा त्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला सुरुवात केली, अकरा ठिकाणी प्लॉटिंग केलं आणि बाराव्या ठिकाणी गिऱ्हाईक मिळेना म्हणून ही कंपनी काढली. कागदावरची मोकळी जागा त्यांना बघवत नाही. योगिनीने बोर्डाचा नकाशा भिंतीएवढा मोठा छापून आणला होता. दादासाहेबांनी चष्मा चढवला आणि काठी थेट मधोमध टेकवली.

"ही एवढी जागा पडीक का ठिवली?"

"सर, तिथून उष्णता बाहेर पडते. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंतर सोडावं लागतं."

"अगं पोरी, मोकळं सोडलं की शेजारी बांध कोरतो! आन् ह्यो रस्ता? चार? आमच्या गावातला रस्ता नकाशात चाळीस फुटी हाय, जाग्यावर बारा हाय. गाड्या जात्यातच की!"

"सर, करंट तसा..."

"जातो. जायला काय झालं त्याला?" काठी पुढे सरकली. "लोकांनी अतिक्रमण करायच्या आधी आपणच वाटून टाकू. हितं मधी माझं नाव टाक. आन् शाईनं नगं, शाई पुसती. तांब्यात कोर. पूर्वी राजे ताम्रपट द्यायचे, तसं दिसलं पायजे."

त्या क्षणापासून बोर्डाला खऱ्या अर्थाने महत्त्व आलं. दादासाहेबांच्या नावासाठी रस्ता एक मिलिमीटर आत घेतला. हे कळताच परचेस सांभाळणारे त्यांचे मेहुणे अर्जुनराव धावत आले. त्यांना कोपरा हवा होता, आणि शिवाय रस्त्याला लागून. कोपऱ्यात बोर्ड बसवायच्या स्क्रूचं भोक होतं. भोकाचं पुनर्वसन झालं. क्वालिटीवाल्यांनी एक क्यूआर कोड मागितला. तो स्कॅन केल्यावर काय उघडणार असं योगिनीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, उघडायचं नंतर बघू, आधी जागा धरून ठेवा. प्रज्वल सरांना मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट हवं होतं. कामगार संघटनेने या साऱ्या प्रकाराचा तीव्र निषेध केला आणि निषेधाच्या पत्रातच आपलं नाव व्यवस्थापनाच्या नावाइतक्याच उंचीचं असावं अशी मागणी केली. ती न्याय्य होती. रस्ता दोन मिलिमीटर उरला.

हिंदुरावांनाही मी रीतसर विचारलं. ते म्हणाले, "मला काय नगं, साहेब. माझी बोटं तेवढी ऱ्हाऊ द्या." ही मागणी अर्जातल्या कोणत्याच रकान्यात बसेना, त्यामुळे नोंदवता आली नाही.

आता माझ्याविषयी. मी असल्या गोष्टींच्या मागे लागणारा माणूस नाही, कुणालाही विचारा. पण सगळ्या विभागांची नावं आहेत आणि प्रशासनाचंच नाही, यातून काय संदेश गेला असता? मी फक्त दीड मिलिमीटर घेतला. तोही रस्त्याच्या कडेचा.

दुसऱ्या दिवशी योगिनी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी. स्क्रीन गोवर आल्यासारखी लालभडक.

"सर, सॉफ्टवेअर दोनशे बारा चुका दाखवतंय. रस्ता एका ठिकाणी अर्धाच मिलिमीटर उरलाय."

"कुठे?"

तिने स्क्रीनवर बोट टेकवलं. "तुमच्या नावापाशी, सर."

मला राग आला. माझ्या आधी दोन मिलिमीटर खाऊन लोक मोकळे झाले होते, त्यांचं काही नाही! नेमका शेवटी आलेला माणूस दिसतो. पण मी स्वतःला आवरलं आणि आदेश काढला: 'संगणकाने दर्शविलेल्या २१२ त्रुटी प्रत्यक्षात अस्तित्वात आलेल्या असल्याने, एकवेळची विशेष बाब म्हणून नियमित करण्यात येत आहेत. यापुढे रस्त्याची किमान रुंदी पाव मिलिमीटर धरावी.' योगिनीने मुकाट्याने सॉफ्टवेअरमधला नियम बदलला. चुका शून्य. उलट आमचा अर्धा मिलिमीटरचा रस्ता आता नियमापेक्षा दुप्पट रुंद ठरला, हेही मी टिपणीत लिहिलं.

"सर, आपण नियम बदलला म्हणून तांबं ऐकणार नाही," ती म्हणाली.

"तांब्याला पत्र देऊ," मी म्हणालो. विनोद होता तो. ती हसली नाही.

आठवडाभरात पाच बोर्ड बनून आले. दिसायला काय सुरेख! दादासाहेबांचं नाव झुंबरासारखं लखलखत होतं. हळदकुंकू झालं, पेढे झाले, प्रत्येकाने आपापल्या नावाचा फोटो काढून घरी पाठवला. मीही पाठवला. बायकोने विचारलं, हे चालतं कसं? मी म्हटलं, ते टेक्निकल आहे.

चाचणीच्या दिवशी ऑडिटर फाइल उघडून उभा राहिला. प्रेस सुरू झाली. दादासाहेब म्हणाले, "हिंदुराव, घाला हात."

हिंदुरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले. मग योगिनी तरातरा कँटीनमध्ये गेली आणि एक काकडी घेऊन आली. तिला रबरी हातमोज्याचं एक बोट चढवलं आणि लांब चिमट्यात धरून प्रेसखाली सरकवली.

सेन्सरने काकडी अचूक ओळखली. लाल दिवाही लागला. बोर्डाने ब्रेक ओढायला करंट सोडला, करंट निघाला, दादासाहेबांना वळसा घालून, संघटनेला टाळून माझ्या नावापर्यंत आला, आणि तिथे टक्क आवाज होऊन उदबत्तीएवढा धूर निघाला. प्रेस थांबली नाही. ती टार्गेटप्रमाणे खाली आली. काकडीचं जे झालं ते कँटीनवाल्यालाही इतकं बारीक जमलं नसतं.

हिंदुराव खिशातल्या खिशात बोटं चाचपत होते. ते मला दिसलं.

योगिनीचे डोळे भरले होते, पण आवाज फुटला तो रागाचा. "मोकळी जागा परत द्या हो! सगळ्यांनी थोडी थोडी सोडा. आज रात्रीच्या आत नवा नकाशा करून देते."

"आम्ही कधीच तयार आहोत," अर्जुनराव म्हणाले, "बाकीच्यांनी सोडली की."

"संघटना शेवटी सोडेल," संघटना म्हणाली.

"ताम्रपटावरचं नाव खोडायचं?" दादासाहेबांनी कानाला हात लावले. "अपशकून हाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, माझं तर सगळ्यात लहान आहे, माझ्यापासून सुरुवात कशाला?

अखेर ऑडिटरने सोडवलं. त्याच्या फॉर्मवर एकच प्रश्न होता: 'यंत्रणा बसविली आहे काय?' यंत्रणा बसवलेली होती. जळालेली, पण बसवलेली. त्याने 'होय'वर खूण केली आणि पेढा घेतला. चौकशी समिती त्याच दुपारी बसली, सचिव पुन्हा मीच. निष्कर्षाला फार वेळ लागला नाही: 'काकडी नियोजित जागी नव्हती.' जळालेला बोर्ड काढून उरलेल्या चारांपैकी एक चार नंबरवर चढवला. योगिनी त्याच्याजवळ 'हात घालू नये' अशी पाटी लावू लागली, पण पाटीवर कुणाचं नाव घालायचं ते ठरेना. म्हणून ती लावायचीच राहिली.

परवा संध्याकाळी शिफ्ट सुटताना हिंदुराव बोर्डासमोर वाकून काहीतरी वाचत होते.

"साहेब, यात तुमचं नाव कुठशी हाय वो?"

मला बरं वाटलं. मी दाखवलं. "का हो?"

"न्हाई, नववं बोट गेलं तर ते कुनाच्या जागंत गेलं, त्ये घरी सांगाया पायजे ना."

उद्धटपणाच हा! घरी जाताना तासभर ते वाक्य डोक्यात होतं, कारण तासभर गाडी चौकातून हललीच नाही. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी पायऱ्या, पत्रे, टपऱ्या पुढे काढून रस्ता गिळलाय. मागे एक अँब्युलन्स ओरडत होती. काय हे लोक! काही लाज? कसाबसा सोसायटीत पोचलो आणि गाडी नेहमीप्रमाणे फुटपाथवर लावली. आमच्या इथे सगळेच लावतात.

असो. नियमानुसार किमान रुंदी पाव मिलिमीटर आणि रस्ता अर्धा, म्हणजे पुढच्या बोर्डांवर अजून पाव मिलिमीटर जागा शिल्लक आहे. आपल्यापैकी कुणाला हवी असल्यास नाव कळवावं, तांब्यात कोरून मिळेल. लाजू नका. आजवर नको म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि उद्या पहिल्या शिफ्टला चार नंबरवर त्याचीच ड्युटी आहे.