भिस्ती आणि बत्ता

पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही. पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर आवक-जावक सांभाळली आहे. आता ती आवक-जावक पत्रांची होती, पाण्याची नव्हे, हे आमच्या सौ. अनसूयाबाई चारचौघांत मुद्दाम सांगतात, ते सोडा.

त्या दुष्काळाच्या वर्षी उस्मानपुऱ्यात नळ पाच-सहा दिवसांनी यायचा. शहर मुकुंदवाडी ओलांडून पार शेतांत घुसलं होतं, पाणी मात्र होतं तेवढंच. नळाला जोर नाही, म्हणून अंगणातल्या तोटीखाली बादली लावायची आणि वरच्या ड्रमात नेऊन ओतायची. त्यासाठी एकावर एक फुकट मिळालेल्या दोन निळ्या बादल्या होत्या. त्यातली एक आमच्या लेकीनं, स्वरालीनं, रोबोटसाठी पळवली.

इंजिनिअरिंगची रोबोट स्पर्धा होती. रोबोटनं भरलेली बादली घेऊन खडबडीत रस्ता आणि पायऱ्या पार करायच्या, शेवटी पाणी टाकीत ओतायचं. फेऱ्या दोन. ज्याचं पाणी टाकीत जास्त, तो संघ पुण्याला देशपातळीवर. मागची दोन वर्षं स्वराली इथूनच परतली होती आणि हे तिचं शेवटचं वर्ष. पोरगी जेवताना ताटात चमच्यानं चाकं काढायची.

रोबोटचं नाव ठेवलं होतं भिस्ती, म्हणजे पूर्वी पखालीनं पाणी वाहायचा तो. डिझाईन मात्र मानलं बुवा! बाकीच्यांनी बादली पट्ट्यांनी आवळून टाकलेली. हिनं ती नुसती कडीनं आकड्याला टांगली. गाडी कशीही कलंडो, बादली आपली सरळ. टाकी आली की मागून एक लोखंडी बोट निघायचं आणि बादलीचं बूड वर उचलायचं, की पाणी टाकीत.

घरी सराव करताना मात्र उंबऱ्यावर बादलीनं झोका घेतला आणि तांब्याभर पाणी फरशीवर सांडलं.

"बस झालं," अनसूया म्हणाली. "आजपासून सराव कोरडा. इथं भांडी घासायला पाणी नाही."

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की बादली हलते कशानं, तर बूड हलकं म्हणून. ज्याचं बूड जड तो जागचा हलत नाही, हे मी ऑफिसात आयुष्यभर पाहिलं होतं. स्पर्धेच्या आदल्या दुपारी पोरगी कॉलेजात गेल्यावर मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि एमसीलनं बादलीच्या बुडाखाली पक्का बसवला. म्हटलं, जिंकल्यावर सांगू.

सकाळी अनसूया स्वयंपाकघर धुंडाळत होती.

"अहो, बत्ता पाहिलात का? लसणाची चटणी राहिली."

"असेल इथंच कुठंतरी. आणि तू ही दुसरी बादली घेऊन कुठं निघालीस?"

"कॉलेजात टँकर येतो म्हणतात. रिकाम्या हातानं कशाला जायचं?"

"अगं, समारंभाला कुणी बादली घेऊन जातं का? लोक काय म्हणतील?"

"लोकांकडं पाणी असेल."

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. रोबोटची बादली मी स्वतःच्या मांडीवर घेतली, स्वरालीला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, "बाबा, आज किती काळजी घेताय!" कॉलेजात पोचल्यावर आकड्याला टांगलीही मीच.

पहिल्या फेरीत कुणाचं अर्धं पाणी सांडलं, कुणाची बादलीच पडली. मग भिस्ती निघाला. दगड झाले, चढ झाला, पायऱ्या झाल्या, थेंब सांडला नाही! शेजारच्या गृहस्थांना मी सांगून टाकलं, "आमची मुलगी. थोडं मार्गदर्शन माझंही आहे."

भिस्ती टाकीपाशी थांबला. बोट निघालं. बादली जरा कलली आणि परत सरळ झाली. पुन्हा कलली, पुन्हा सरळ. जेवणाच्या सुट्टीनंतर उठवलेल्या कारकुनासारखं तिचं चाललं होतं. मोटर कण्हायला लागली, वेळ संपली, टाकी कोरडी.

परीक्षक बाईंनी बादलीखाली हात घातला. "हे काय आहे? तुमच्या डिझाईनमध्ये तर नाही."

स्वरालीनं पाणी काढून बादली उलटी केली. सगळं सभागृह बघत होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "अगं बाई, माझा बत्ता!"

स्वरालीनं वर माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी धावत खाली गेलो. "दुसरी फेरी आहे ना? आत्ता काढतो." पाय लावून, दात-ओठ खाऊन बत्ता ओढला आणि निघाला की! पण एकटा नाही निघाला. बादलीचं अख्खं बूड घेऊन निघाला.

"बाबा," स्वराली एवढंच म्हणाली, "तुम्ही बाजूला बसा."

तेवढ्यात अनसूया पायऱ्या उतरत आली. हातात दुसरी निळी बादली.

"जोडीतलीच आहे. लागते का बघ."

लागली. दुसऱ्या फेरीत पायरीवर तांब्याभर सांडलं, बाकी सगळं एका झोकात टाकीत. पहिला नंबर! परीक्षक बाईंनी डिझाईनचं तोंड भरून कौतुक केलं. अनसूयेनं त्यांना एकच विचारलं, "आता या टाकीतल्या पाण्याचं तुम्ही काय करणार?" घरी येताना रिक्षात तिच्या मांडीवर भरलेली बादली होती आणि माझ्या मांडीवर बत्ता.

पुण्याला निघायच्या दिवशी मी नवा सदरा घालून तयार होतो. स्वरालीनं बादली उलटी करून बुडाखाली पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, उद्या नळाचा दिवस आहे. कुणीतरी घरी पाहिजे."

मायलेकी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच अंगणात जाऊन बसलो. म्हटलं, पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, दोघी परत येईपर्यंत ड्रम काठोकाठ भरून ठेवतो. आणि नळ आला, वर्षात आला नव्हता असा धो-धो आला. मी बादली घ्यायला घरात धावलो.

एक बादली पुण्याला गेली होती आणि दुसरीचं बूड बत्त्याला.