कमळाबाईंचा हुद्दा

कंपनीची मेल आली तेव्हा बुद्धभूषण गमरे स्टेजच्या मखमलीवरचे मेणाचे डाग इस्त्रीने काढत होता. लोअर परळच्या त्या कंपनीच्या वर्धापनदिनाचा मांडव दरवर्षी ‘गमरे डेकोरेटर्स’च घालत आले होते. यंदा मात्र मेलमध्ये नवीनच कलम होतं. ज्याचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे ते कुलूपबंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये, नसतील, त्याला काम मिळणार नाही. घरचे वेगळे ठेवा, धंद्याचे वेगळे ठेवा, आणि शुक्रवारी ऑफिसात येऊन उघडून दाखवा.

“आता मांडव घालायला पण पासवर्ड?” भागीदार अजित म्हणाला. “आपला आहे ना एक. मस्त चाललंय की!”

एकच होता हे खरं. दुकानाचं नाव आणि पुढे चाळीचा नंबर. बँकेला तोच, लाइटबिलाला तोच आणि वायफायलाही तोच. वायफायमुळे तो नायगावच्या बीडीडी चाळीतल्या प्रत्येक शाळकरी पोराला तोंडपाठ होता. आजवर कुणी काही चोरलं नव्हतं, कारण चोरण्यासारखं काही नव्हतं. पण हे काम वर्षातलं सगळ्यात मोठं होतं. ते हातचं गेलं, तर मंडपाचे बांबू गोदामात आणि गमरे घरात, अशी गत झाली असती.

तेव्हा बुद्धभूषण पासवर्ड मॅनेजर शोधायला बसला. शेजारी त्याची आई कमळाबाई बसल्या. नातीला स्थळ बघावं तशा त्या एकेकाची चौकशी करू लागल्या.

“कंपनी कुठली?”

“कॅनडाची.”

“तिथं आपलं कोण आहे?”

“आपलं कोण कशाला पाहिजे, आई?”

“काय झालं तर विचारायला कोणाकडे जायचं?”

कॅनडा बाद झालं. दुसऱ्याकडे मागे चोरी झाली होती. तिसरं फुकट होतं, म्हणून अजितला पसंत पडलं आणि म्हणूनच बुद्धभूषणच्या बायकोला, मानसीला, नापसंत. शेवटी चौथं ठरलं. ते धंद्यासाठी माणशी पैसे घ्यायचं.

नाव नोंदवताना ॲपने प्रत्येकाचा हुद्दा विचारला. बुद्धभूषणने स्वतःला ओनर केलं, अजितला ॲडमिन केलं आणि हिशेब बघणाऱ्या मानसीला मेंबर. राहता राहिल्या कमळाबाई. त्यांची पेन्शन आणि गॅसचं बुकिंगही त्यातच, घरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचं होतं. गेस्टला पैसे पडत नव्हते, म्हणून त्याने आईला गेस्ट केलं. त्यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. होती ती निव्वळ काटकसर.

गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर आमंत्रणं पोचली.

“अजितभाऊजी ॲडमिन आणि मी मेंबर?” मानसीने विचारलं. “बरं.”

असं ‘बरं’ कानावर आलं की शहाण्या नवऱ्याने घरी जेवू नये. बुद्धभूषणने भूक नसल्याचं सांगितलं आणि तो अजितकडे गेला.

इकडे कमळाबाईंनी सुनेकडून आपलं आमंत्रण वाचून घेतलं. “गेस्ट म्हणजे मेंबरच्या वर की खाली?”

“सगळ्यांच्या खाली, आई. ओनरला वाटलं तर कधी पण काढता येतो.”

खोलीची भाडेपावती कमळाबाईंच्या नावावर होती. चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरमध्ये मिळणाऱ्या नव्या घराचा करारही त्यांच्याच नावावर होता. त्यांनी कपाटातून इस्त्रीची साडी काढून ठेवली.

शुक्रवारी सकाळी बुद्धभूषण उठला तेव्हा आई इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती.

“आई, चहा?”

“पाहुण्याने दुसऱ्याच्या ओट्याला हात लावू नये.”

“अगं, निदान पंखा तरी लाव. घामाघूम झालीयस.”

“मालकांनी लावला तर बसू वाऱ्याला.”

मानसी नेहमीपेक्षा जास्त आनंदात कामावर निघून गेली. बुद्धभूषणने पंखा लावला आणि उपाशीपोटीच लोअर परळ गाठलं.

कंपनीच्या मीनाक्षी मॅडम कडक होत्या. बाहेरच्यांचे मोबाइल रिसेप्शनवर जमा करायचा नियम होता, तोही त्यांचाच. दाराबाहेर दादरचा एक डेकोरेटर लॅपटॉप मांडीवर घेऊन तयारीत बसला होता.

“उघडा,” मॅडमनी आपला कॉम्प्युटर पुढे केला.

अनोळखी कॉम्प्युटर बघून ॲपने खात्रीसाठी धंद्याच्या नंबरवर ओटीपी पाठवला. धंद्याचा नंबर म्हणजे कमळाबाईंचा. गिऱ्हाइकाचा फोन पहिल्या रिंगला उचलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कार्डावर तोच छापलेला. बुद्धभूषणने मॅडमच्या टेबलावरून फोन लावला. मॅडमचा फोन कायम स्पीकरवरच असायचा.

“आई, भूषण बोलतोय. ओटीपी आलाय बघ, सांग पटकन.”

“कोण भूषण?”

“आई!”

“नंबर अनोळखी आहे. हल्ली कोण पण उठतं आणि ‘आई’ म्हणतं. टीव्हीवर रोज सांगतात.”

“अगं, आवाज तरी ओळख!”

“आवाज मशीनवर पण काढतात. काल काय जेवलास ते सांग.”

मॅडमनी मान वर केली.

“नाही जेवलो. भूक नव्हती,” बुद्धभूषण पुटपुटला.

“मग तू माझा मुलगा नाहीस.” फोन बंद झाला आणि पाठोपाठ ओटीपीची मुदतही संपली.

दाराबाहेरच्या डेकोरेटरने लॅपटॉप उघडला. बुद्धभूषणने दुसरा ओटीपी मागवून पुन्हा फोन लावला.

“आई, अजितकडे बोंबील खाल्ले. तळलेले.”

“किती?”

“सात.”

“डॉक्टरने काय सांगितलंय?”

“तळलेलं बंद.”

“हां, आता पटलं. अजितच्या आईने पण सातच सांगितले. आता दुसरा प्रश्न. खोली कोणाच्या नावावर आहे?”

“तुझ्या.”

“मग त्या खोलीत गेस्ट कोण?”

 पैसे वाचवायच्या नादात आईलाच पाहुणी करून बसलो, हे बुद्धभूषणला आता कुठे कळलं. “चुकलं, आई,” तो म्हणाला. तोवर दुसऱ्या ओटीपीचीही मुदत संपली होती. तिसरा मात्र कमळाबाईंनी चष्मा लावून, एकेक आकडा सुटा करून, दोनदा वाचून दाखवला.

ॲप उघडलं. मॅडमनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

“ह्या कोण?”

“आई माझी. सॉरी मॅडम, ती जरा...”

“आमच्या मोठ्या साहेबांनी मागच्या महिन्यात एका अनोळखी फोनवर ओटीपी सांगून टाकला. समोरच्याने नुसतं ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटलं होतं. म्हणून तर हा सगळा नियम आला.” त्यांनी फॉर्म पुढे ओढला. “तुमच्याकडे सिक्युरिटीचं कोण बघतं? नाव सांगा.”

बुद्धभूषणने एकदा अजितचा विचार करून पाहिला. “कमळाबाई गमरे,” तो म्हणाला. मॅडमनी नाव लिहून सही केली आणि बाहेरच्या डेकोरेटरला निरोप पाठवला की आता थांबायची गरज नाही.

घरी कमळाबाई तशाच खुर्चीत होत्या.

“आई, काम आपल्यालाच मिळालं. कंपनीत तुझं नाव दिलंय, आपली सिक्युरिटी ऑफिसर म्हणून.”

त्यांनी पर्स मांडीवरून हलवली नाही. “हे ओनरच्या वर की खाली?”

“वर.”

कमळाबाई उठल्या, पदर खोचला आणि ओट्याकडे वळल्या.

“मग बस, चहा टाकते. तोवर मानसीला ॲडमिन कर. आणि त्या अजितला गेस्ट. डॉक्टरने नको म्हटलेलं तळून घालतो मेला.”